आखूडकोशातल्या सात चिठ्ठ्या

शपथ! गळ्याची शपथ, डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर या नव्या, दुसऱ्या कवळीची शपथ, जी बसवताना डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त ओरडला. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. हसू नका रे. माझ्या बाकीच्या गोष्टींत मी मीठमसाला घालते, कबूल. ही मात्र अळणीच आहे. आणि गप्प बसून ऐकायची आहे, कारण हिच्यात चोरी आहे आणि चोर माझ्या ओळखीचा आहे.

१

आमची वसाहत काचेच्या कारखान्याला अगदी खेटून होती. काचेची भट्टी विझवून चालत नाही, म्हणून कारखान्यात तीन पाळ्या. नवरा एका पाळीला, तर बायको दुसरीला. काही जोडप्यांना एकमेकांचं तोंड आठवड्यातून एकदा दिसायचं. म्हणूनच आमच्याकडचे संसार टिकले, असं मी म्हणायचे आणि बायका मला हाणायला धावायच्या.

बोलणं सगळं चिठ्ठीवर. प्रत्येक घराच्या दाराला आतून एक लाकडी फळी, फळीवर टाचण्या. जाणाऱ्यानं लिहून टोचायचं, येणाऱ्यानं वाचायचं आणि चिठ्ठी शेगडीत घालायची. तेवढाच जळणाला हातभार. पण भोंगा वाजत असताना लांबलचक लिहायला कुणाला वेळ? मग सगळं आखूड झालं. दू.ता. म्हणजे दूध तापवलंय. कि.शे. म्हणजे किल्ली शेजारी. झो.उ.न. म्हणजे झोपतोय, उठवू नको. आणि तु.आ.ये. म्हणजे तुझी आई येणार. हे कुणी काढलं माहीत नाही, पण आठवड्यात वसाहतभर झालं.

नवीन माणसाला यातलं ओ का ठो कळायचं नाही. म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी वाचनालयात एक पुस्तिका सुरू केली. नाव ठेवलं आखूडकोश. दोन वर्षांतून एकदा नवी छापायची. पण उठसूट कुणाचंही आखूड घ्यायचं नाही. मास्तरांचा नियम होता: सात वेगवेगळ्या घरांतल्या चिठ्ठ्या हव्यात, सात वेगवेगळ्या माणसांच्या अक्षरातल्या, आणि खाली अर्थ लिहिलेला नको. अर्थ सांगावा लागतो म्हणजे ते अजून रुळलेलं नाही.

चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझं. मी कारखान्यात काचा पेंढ्यात गुंडाळायचे आणि सुटल्यावर दारोदार फिरायचे. बायका माझ्यासाठी एखादी चिठ्ठी शेगडीतून वाचवून डब्यात ठेवायच्या. मला चौकशीकाकू म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते सांगत नाही.

त्या वर्षी नोटीस लागली. महिनाअखेरीला भट्टी कायमची बंद, खोल्या रिकाम्या करा. म्हणजे निघायचा आखूडकोश हा शेवटचा. यात आलं ते राहिलं, सुटलं ते गेलं.

दुपारी चारला शेवटची बैठक होती. सकाळी दहाला मी वाचनालयात खण उघडला. प्रत्येक आखूड शब्दाचं एकेक पाकीट होतं. मी हा.भा.का.न.चं पाकीट काढलं. आदल्या दिवशी माझ्या हातांनी मोजून आत आठ चिठ्ठ्या ठेवल्या होत्या.

आत एकच होती.

२

हा.भा.का.न. म्हणजे हात भाजलाय, काळजी नको.

हे काढलं पट्टीताईनं. कारखान्याच्या मलमपट्टीच्या खोलीत ती एकटी असायची. तिचा नवरा भट्टीवर, म्हणून तो भट्टीदादा आणि ती पट्टीताई. आम्ही चिडवायचो, तू भाजत जा, ती बांधत जाईल.

एकदा एका कामगाराचा हात भाजला. पट्टीताईनं त्याच्या वतीनं घरी चिठ्ठी लिहून पाठवली. बायकोनं परकं अक्षर बघितलं आणि पुढचं वाचायच्या आतच ती अनवाणी धावत सुटली. फाटकाच्या पायऱ्यांवर पडून पाय मोडून घेतला. नवऱ्याचा हात आठ दिवसांत बरा झाला, बायको तीन महिने खाटेवर. तेव्हापासून पट्टीताई चिठ्ठीच्या डोक्यावर ही चार अक्षरं लिहायला लागली. मोठी, ठसठशीत. बघणाऱ्याचं काळीज जागेवर राहावं म्हणून.

आठ महिन्यांपूर्वी पट्टीताई गेली. तापाचं निमित्त, दोन दिवसांत खेळ खलास. मूलबाळ नव्हतं. तिच्यामागे राहिलं म्हणाल तर भट्टीदादा आणि ही चार अक्षरं.

 चारपर्यंत चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत तर ही चार अक्षरं कोशातून बाद होणार होती. पुढचा कोश नव्हता.

खणाला कुलूप होतं, पण किल्ली दाराआडच्या खिळ्याला असायची आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुलूप मोडलेलं नव्हतं. आदल्या दुपारनंतर वाचनालयात चौघंच आली होती: मास्तर, पुस्तिकेसाठी शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारा छापखान्यातला कंपोझिटर, वर्तमानपत्र चाळायला आलेले कारखान्याचे सुपरवायझर, आणि भट्टीदादा. तो बिचारा नुसता येऊन खुर्चीवर बसला होता, मग मी चहा आणायला गेले तोवर निघूनही गेला.

त्याला मी तिथल्या तिथे वगळलं. ज्याच्या बायकोची आठवण छापली जायची, तो आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेईल?

राहिले तिघं. आणि त्या तिघांतल्या एकाकडे चांगलं सणसणीत कारण होतं.

३

सुपरवायझर टेबलावर पाय टाकून दात कोरत होते.

"काय चौकशीकाकू, आज कुणाची चौकशी?"

"तुमचीच. आमच्या चिठ्ठ्या गेल्यात. हात भाजल्याच्या."

पाय खाली आले. "मग? माझ्याकडे का?"

"कंपनीच्या कागदावर चार वर्षांत हात भाजल्याच्या किती घटना आहेत, साहेब?"

"दोन."

"आणि माझ्या पाकिटात आठ चिठ्ठ्या होत्या. तारखेसकट."

त्यांचा चेहरा असा पडला की उचलायला दोन माणसं लागली असती. मला वाटलं, मासा गळाला लागला. तेवढ्यात ते म्हणाले, "काकू, तुमच्या वाचनालयाच्या रजिस्टरात घर नंबर आणि तारखा उतरवलेल्या असतात ना? मला पुरावा लपवायचा असता तर मी ते पान फाडलं असतं. चिठ्ठ्या नेऊन रजिस्टर ठेवायला मी काय खुळा आहे?"

मी परत येऊन रजिस्टर उघडलं. पान जागेवर. आठ घरं, आठ तारखा, साधा कोपराही दुमडलेला नाही. माणूस लबाड होता, पण खुळा नव्हता. सुटला.

कंपोझिटर छापखान्यात शिशाचे खिळे निवडत होता. बोटं काळी, तोंड त्याहून काळं.

"तूच म्हणाला होतास ना, एक शब्द वाढला की माझं पान वाढतं?"

"म्हणालो होतो. आठवड्यापूर्वी." त्यानं दोरीनं करकचून बांधलेलं पान दाखवलं. "हे बघा, काल जुळवून बांधून टाकलं. तुमचं हाभाकान मधोमध बसलंय. आता ते काढायचं म्हणजे पुढची सगळी पानं सोडून पुन्हा जुळवायची. काकू, तो शब्द राहावा म्हणून मीच नवस बोलेन."

तोही सुटला.

मग मास्तर. मास्तर वाचनालयात बसून उरलेल्या एकुलत्या एका चिठ्ठीकडे भिंगातून बघत होते.

"मास्तर, स्पष्ट विचारते. हा शब्द निघाला की आठवडाभर तुम्ही तोंड फिरवता, तुम्हाला तो नको होता."

"नकोच होता."

"मग चिठ्ठ्या कुठायत?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"चोरायची मला गरज काय होती?" ते म्हणाले. "हा शब्द आज चार वाजता तसाही पडणारच होता. मी एका वाक्यात पाडणार होतो."

४

"कसा पाडणार होता?"

"आठ घरं बरोबर. पण अक्षरं आठ नव्हती, काकू. ही उरलेली एक वेगळी. बाकीच्या सात एकाच माणसानं लिहिल्या होत्या."

"कुणी?"

"तुम्हालाच ठाऊक असेल. मलमपट्टीवालीनं. मी गेल्या आठवड्यात सगळ्या ओळीनं मांडल्या तेव्हा कळलं. एका बाईची सवय म्हणजे वसाहतीची भाषा नव्हे. तिच्या नवऱ्यासमोर हे कसं बोलायचं, म्हणून मी आठ दिवस झोपलेलो नाही."

मी या चिठ्ठ्या गोळा केल्या चार वर्षं, एकेक करून. घर मोजलं, तारीख लिहिली, चहा प्यायले. अक्षराकडे बघितलंय कुणी! पहिली चिठ्ठी पट्टीताईनं लिहिली हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्याही तीच लिहायची, हे ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक होतं. सगळं मिळून कुणालाच ठाऊक नव्हतं.

उरलेली चिठ्ठी मी हातात घेतली. मुंगीचे पाय शाईत बुडवल्यासारखं वेडंवाकडं अक्षर. काच कापणाऱ्याची. उजवा हात भाजला तेव्हा पट्टीताई रजेवर होती, म्हणून त्यानं डाव्या हातानं खरडली होती.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरांनो, नीट ऐका. सकाळपासून मी विचारत होते, सात चिठ्ठ्या का गेल्या? विचारायला हवं होतं, ही एक का राहिली? शब्द मारायचा असता तर चोरानं आठही नेल्या असत्या. तारखा लपवायच्या असत्या तरी आठही नेल्या असत्या. या चोरानं पाकीट उघडलं, चिठ्ठ्या निवडल्या आणि जी तिच्या हातची नव्हती तेवढी परत ठेवली. नीट, घडी घालून.

त्याला शब्दाशी घेणंदेणं नव्हतं. त्याला अक्षर हवं होतं.

घड्याळात अडीच वाजले होते. चपला घालायचं भानही राहिलं नाही.

५

भट्टीदादाचं दार उघडंच होतं. खोलीत एक बांधलेली वळकटी, एक ट्रंक आणि शेगडी. तो जमिनीवर दाराकडे तोंड करून बसला होता.

"या काकू. दार लावून घ्या."

मी दार लोटलं आणि फळी दिसली. सातही चिठ्ठ्या तिच्यावर एकाखाली एक टोचलेल्या होत्या. दुसऱ्यांच्या घरच्या, दुसऱ्यांच्या बायकांना लिहिलेल्या. हात भाजलाय, काळजी नको. हात भाजलाय, काळजी नको. सात वेळा.

मी त्याच्याशेजारी बसले.

"मागायच्या होत्यास रे," मी म्हणाले.

"तुम्ही दिल्या नसत्या. मास्तरांनी तर नाहीच."

हे खरं होतं. पुरावा रजिस्टरात चिकटवायचा आणि रजिस्टर कंपनीच्या मालकीचं, अशी रीत होती. वाचनालय बंद झालं की सगळं ट्रंकेत घालून, सील करून जाणार होतं.

"घरात तिचं एक अक्षर नाही, काकू," तो म्हणाला. "बारा वर्षं चिठ्ठ्या वाचल्या आणि शेगडीत घातल्या. ती तापानं फणफणली त्या दिवशी मी पाळीवर होतो. घरी आलो तर फळीवर चिठ्ठी. द.जा.ये. दवाखान्यात जाते, येते. मी वाचली." तो थांबला. "भूक लागली होती. चहा टाकला. ती चिठ्ठी घालून शेगडी पेटवली."

मी फळीवरची एक सैल टाचणी दाबून बसवली.

मग म्हणाले, "चारला बैठक आहे. चिठ्ठ्या नाहीत तर तिचा शब्द नाही."

"छापला तर खिळ्यांत छापणार ना? खिळ्यांना तिचं अक्षर येतं का?"

"नाही येत."

"मग?"

"मग काय, दादा. या सात चिठ्ठ्या तुझ्याबरोबर जातील आणि तुझ्याबरोबरच संपतील. तो शब्द दीडशे घरांतून दीडशे गावांना जाईल. उद्या कुठल्या तरी दुसऱ्या भट्टीवर कुणाचा तरी हात भाजेल. त्याची बायको परकं अक्षर बघून पायऱ्यांवर पडायला नको, एवढंच तिला हवं होतं. तुझ्यासाठी नव्हतं ते. माझ्यासाठीही नव्हतं. आता तुझं तू ठरव."

आणि मी उठून आले. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. तो येईल की नाही, हे मला चार वाजून पाच मिनिटांपर्यंत ठाऊक नव्हतं.

६

चार वाजून सहा मिनिटांनी तो आला. अंगात धुतलेला सदरा. सातही चिठ्ठ्या त्यानं टेबलावर मांडल्या. टाचण्यासुद्धा ओळीनं ठेवल्या. "मी नेल्या होत्या," एवढंच म्हणाला.

सुपरवायझरनं तोंड उघडलं. मी असं बघितलं की त्यांनी ते मिटलं.

मास्तर उभे राहिले. "चिठ्ठ्या आठ," ते म्हणाले. "घरं आठ. पण अक्षरं दोनच. नियम सातांचा आहे. मला... माझा नाइलाज आहे."

भट्टीदादानं मान डोलावली. कारखान्यात पाळीचा भोंगा ऐकून डोलवावी तशी.

मी कोपऱ्यातला टॉवेल उचलला. "मास्तर, उजवा हात पुढं करा."

"काय?"

"करा हो. चावत नाही मी, दात माझे नाहीत."

त्यांच्या मुठीला मी टॉवेल गुंडाळला. बोटं आत, अंगठा आत, पट्टीताई बांधायची तसा घट्ट. मग त्यांच्यासमोर टाक ठेवला. "आता लिहा. हा.भा.का.न."

मास्तरांनी त्या मुठीनं टाक धरायचा प्रयत्न केला. तो घरंगळत टेबलाखाली गेला. कुणी हसलं नाही.

"सात वेगवेगळी अक्षरं मागता," मी म्हणाले. "दूध तापवल्याची मिळतील, किल्लीची मिळतील. पण हात भाजलाय हे ज्याला सांगायचं असतं, त्यालाच लिहिता येत नाही. शंभर वर्षं थांबलात तरी तुम्हाला सात अक्षरं मिळायची नाहीत. एकानं डाव्या हातानं लिहिली, तर बघा, चार अक्षरांना त्याची जेवणाची सुट्टी गेली. आता लिहिणारा नका मोजू. वाचणारे मोजा. आठ घरांनी वाचली. एका तरी चिठ्ठीखाली अर्थ लिहावा लागला का? एक तरी बाई पुन्हा पायऱ्यांवर पडली का?"

मास्तर बांधलेल्या मुठीकडे बघत राहिले. एवढी वर्षं ते आमच्या वसाहतीच्या चिठ्ठ्या तपासत होते, पण भट्टीच्या दारात कधी गेले नव्हते.

"नियम मी केला होता," ते हळूच म्हणाले. "लिहिता येणाऱ्यांसाठीच केला मी. चूक माझी." मग कंपोझिटरकडे वळले. "पान बांधलेलंच ठेवा."

रजिस्टर उघडलं. मास्तरांनी खळीचा डबा पुढं ओढला, पण टॉवेल सुटेना. म्हणून भट्टीदादानं ब्रश घेतला. एकेक चिठ्ठी उलटी करायची, खळ लावायची, सुलटी करून पानावर ठेवायची, वरून तळहात फिरवायचा. प्रत्येकीवर तो हात जरा जास्तच वेळ राहायचा. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत होतो.

सहा चिकटल्या. सातवीच्या वेळी डब्यातली खळ संपली. ती सुटीच राहिली. मास्तर म्हणाले, "राहू द्या, सहा पुरे." मग मी ती उचलली, चार घड्या घातल्या आणि भट्टीदादाच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली.

महिनाअखेरीला भट्टी विझली. रजिस्टर ट्रंकेत गेलं, ट्रंक कंपनीच्या गाडीत गेली. कुठं, ते आजवर कुणाला कळलं नाही. आखूडकोश घरोघरी वाटला. भट्टीदादानं आपली प्रत उभ्याउभ्याच उघडली, ते पान काढलं आणि त्या ओळीवर अंगठा फिरवला. मग वळकटी खांद्यावर टाकून निघाला.

झालं. संपली गोष्ट. असे डोळे पुसू नका, मला बघवत नाही.

बरं, ऐका. शपथ घेतलीय, आणि ही कवळी फार महागाची आहे. यात एकच गोष्ट मी माझ्या पदरची घातली. खळ संपली नव्हती. डबा भरलेला होता. सातही चिकटवल्या त्यानं, आणि सातवी सगळ्यात नीट.